उद्यमबागेत करून घेतलेला बंदुकीचा लॉकर, घ्यावा का?

खानापूर भागात रानडुकरांमुळं पीकरक्षणाच्या लायसनची बंदूक असलेली घरं बरीच आहेत, आमच्याकडंपण आबांची 12 बोरची सिंगल बॅरल आहे. इतकी वर्षं ती माजघरात खुंटीला आणि काडतुसं तिथंच फडताळात. आता पोरगा नववीत, त्याचे दोस्त घरात येऊन-जाऊन असतात, म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लॉकर करून घेतला.

काम चांगलंय. 16 गेजचा पत्रा, वेल्डिंग साफ, खाली दस्ता बसायला लाकडी खाच, नळी टेकते तिथं फेल्ट लावलंय. काडतुसांचा कप्पा वेगळा आणि त्याचं कुलूपपण वेगळं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. बंदुकीची किल्ली आबांच्या करदोड्याला, काडतुसांची माझ्याकडं, म्हणजे एकट्यादुकट्याला दोन्ही मिळतच नाही. आमच्याकडच्या पावसात खालच्या कडेला थोडा गंज धरला तेवढं सोडा.

पण कुलूप! पहिल्यांदा जे लावून दिलं त्यात आमच्या जुन्या कपाटाची किल्ली घातली तर सरळ उघडलं. विचारलं तर म्हणतो, "कपाटाचंच कुलूप आहे की ओ, सगळे हेच नेतात." लई राग आला. भांडून लिव्हर लॉक (आत पट्ट्या असतात, दुसरी किल्ली सहसा चालत नाही) बसवून घेतला, त्याचे पैसे वर घेतले.

गावात लोक म्हणतात आपल्याकडं कुठं अमेरिकेसारखं होतंय, एवढा खर्च कशाला. अहो, 2007 च्या डिसेंबरात गुरगावच्या शाळेत आठवीतल्या पोरावर वर्गमित्रांनीच गोळ्या झाडल्या, पिस्तूल घरचं, वडिलांचं. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं 2019 मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात बंदूक वापरणाऱ्या चारातल्या तिघांनी ती आईबापाच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच आणलेली. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डला 2021 मध्ये 15 वर्षांच्या पोरानं चार विद्यार्थी मारले, बापानं चारच दिवस आधी घेऊन दिलेलं पिस्तूल, आणि त्याच्यासोबत आलेलं केबल लॉक, म्हणजे पिस्तूल चालू नये म्हणून त्यातून घालायचं तारेचं कुलूप, पाकिटातून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. 2024 मध्ये आई आणि बाप दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा लागली.

तिकडं हक्क की बंदी यावर वाद चालूच आहे, ब्रिटननं 1996 च्या डनब्लेन शाळेतल्या गोळीबारानंतर पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदीच घातली. शेतकऱ्याची बंदूक काढून घ्या असं मी म्हणणार नाही, डुकरं एका रात्रीत अख्खा भुईमूग उकरून टाकतात. पण इलेक्शन आलं की बंदुका ठाण्यात जमा करा म्हणून मागं लागतात, मग मधल्या वर्षांत ती घरात कुठं टांगलीय हे का कोण बघत नाही? लायसन घेताना नीट ठेवीन म्हणून लिहून घेतात, तेवढ्यावर भागत नाही. रिन्यूअलच्या वेळी घरी येऊन लॉकर बघितल्याशिवाय सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर घ्या, नक्की घ्या. बंदुकीची लांबी मोजून न्या, मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही म्हणून जमिनीत काँक्रीट करून बोल्ट घाला, लिव्हर लॉकच पाहिजे म्हणून आधी सांगा आणि पैसे द्यायच्या आधी तिथंच दुसऱ्या दोन-चार किल्ल्या घालून बघा.