गोठवलेल्या पिंकीचं पाकीट : कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पुरतं का?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून कॉर्न स्नेक (उत्तर अमेरिकेतला, हौसेने पाळला जाणारा बिनविषारी साप) या सापाचं पिल्लू घरी आणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. (भारतात देशी साप पाळणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे धामणीच्या पिल्लावर हे प्रयोग नकोत.)

त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर, ते दोन तऱ्हांनी मिळतात: पाळीव प्राण्यांच्या दुकानात दोन-तीन नगांचं पाकीट, किंवा ऑनलाइन २५-५० नगांची पिशवी. दोन्हीकडे एकच खोट. पाकिटावर ‘पिंकी’ (म्हणजे उंदराचं केस न आलेलं, नुकतंच जन्मलेलं पिल्लू) लिहितात, वजन लिहितीलच असं नाही. उंदराचं एक दिवसाचं पिल्लू जेमतेम १ ग्रॅमचं असतं आणि चार-पाच दिवसांचं ३ ग्रॅमचं. दोघंही गुलाबी, बिनकेसांची, म्हणून दोघंही पिंकीच! अंड्यातून नुकतंच निघालेलं कॉर्न स्नेक ५ ते ८ ग्रॅमचं असतं, त्याला हा फरक भलताच जड जातो.

म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आधी घ्या. वरचं बर्फ झटकून पिंकी तोला, मग एका डबीत साप ठेवून तोही तोला. साप १५ ग्रॅमचा होईपर्यंत एका वेळी एकच पिंकी, सुरुवातीला दीड-दोन ग्रॅमची. १६ ते २३ ग्रॅमला दोन लहान पिंकी, एकामागोमाग एक. २४ च्या पुढे लहान फझी, म्हणजे अंगावर लव आलेलं पण डोळे मिटलेलं पिल्लू. हॉपर, म्हणजे डोळे उघडून उड्या मारू लागलेलं उंदराचं पिल्लू, ५० ग्रॅमनंतर. काटा नसेल तर जाडी बघा: घास सापाच्या सर्वांत जाड भागाइतका, फार तर दीडपट. जेवणानंतर पोटावर हलका फुगवटा दिसावा. खवल्यांमधली कातडी ताणून पांढरी दिसली, तर घास मोठा झाला.

मोठ्या घासाची चूक दोन-तीन दिवसांत बाहेर येते, अर्धवट पचलेल्या, घाण वासाच्या गोळ्याच्या रूपात. लगेच दुसरी पिंकी देऊ नका. पोटातलं आम्ल भरून यायला वेळ लागतो, १०-१४ दिवस थांबा आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराची द्या. दर वेळी दोष आकाराचाच असतो असं मात्र नाही. सापाच्या पेटीतला गरम कोपरा २८ अंशांच्या खाली गेला किंवा जेवल्यावर ४८ तासांच्या आत सापाला हाताळलं, तरी तो ओकतो.

आता दर्जा. चांगल्या पिंकीच्या पातळ कातडीतून दुधाने भरलेलं पोट पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. करडी-पिवळट, सुरकुतलेली पिंकी फ्रीझरमध्ये सुकलेली, ती घेऊ नका. स्वस्त पिशव्यांत सगळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ होतं आणि सोडवताना कातडी फाटते. सुट्या गोठवलेल्यांना चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

वितळवायला झिपलॉक पिशवीत घालून कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं. मायक्रोवेव्ह अजिबात नको: बाहेरून शिजते, आतून बर्फ राहतं, कधी फुटतेही. एकदा वितळलेली परत गोठवू नका. चिमट्याने द्या, हात साबणाने धुवा. गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारे जिवाणू) मरत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत अशाच गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांना लागण झाली होती.

पन्नासची पिशवी स्वस्त वाटते, पण पिल्लाला घेऊ नका. दर ५-७ दिवसांनी एक म्हटलं तर तीन महिन्यांत १३-१८ पिंकी संपतील, तोवर साप फझीवर गेलेला असेल. १५ पिंकी आणि १० फझी, असा वजन छापून देणाऱ्याकडून मिश्र माल मागवा. दुकानातलं छोटं पाकीट नगामागे महाग, पण पिल्लू नीट खातंय की नाही हे कळेपर्यंत तेच बरं. पहिली कात टाकण्याआधी ते बहुधा तोंडही लावत नाही.

बॉल पायथनचं (अजगराची एक छोटी जात) पिल्लू आणलंत तर हे पाकीट बिनकामाचं. ते जन्मतःच ५० ग्रॅमच्या पुढे असतं, पिंकीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला ८-१० ग्रॅमचा हॉपर द्या, तोही डोकं हेअर ड्रायरने जरा गरम करून. ते उष्णता हेरून झडप घालतं, गार उंदीर त्याच्या लेखी तिथे नसतोच.