डाळिंबात एटीव्ही घ्यायचीय? मग पुढचा डिफरन्शियल आधी बघा

सांगोल्याकडं आमच्या दाजींना फवारणीची ट्रॉली ओढायला जुनी फोर बाय फोर एटीव्ही (हँडलवर चालणारी, जाड टायरांची चारचाकी रानगाडी) घ्यायचीय आणि ते विचारत बसलेत सीसी किती, पॉवर किती. मी सोलापुरात गॅरेज चालवतो, अशा गाड्या मोजक्याच येतात पण जेवढ्या हाताखालनं गेल्या त्यावरनं सांगतो, काळ्या रानात पॉवरचं नंतर बघू. तेल्या रोग काय वाफसा यायची, म्हणजे रान कामाजोगं सुकायची, वाट बघत नाही, पाऊस उघडला की औषध मारावंच लागतंय आणि नेमकं तेव्हाच रान लोण्यासारखं झालेलं असतंय.

डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटून देणारा गिअरचा डबा. साध्या ओपन डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना जोर सारखाच जातो, त्यामुळं एक चाक चिखलात फुकट फिरायला लागलं की दुसऱ्यालापण तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो, फोर बाय फोर नावालाच. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल एका चाकाला असं मोकाट फिरू देत नाही, हेच थांबवतो, पण प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्या रीतीनं केलंय.

यामाहा ग्रिझ्ली ७०० ला हँडलवरनंच निवडता येतं, टू व्हील, लिमिटेड स्लिपवाला फोर व्हील, नाहीतर डिफ पूर्ण लॉक, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. मला हे लई आवडतं. डाळिंब साधारण ४.५ बाय ३ मीटरवर असतंय, ओळीच्या टोकाला ट्रॉली घेऊन वळायचं म्हणजे जागा किती ते तुम्हाला माहितीच आहे. लॉक लावून वळायला गेलं तर हँडल हातात दगडासारखं जड होतं, गाडी सरळच पळते आणि टायर माती उकरत बसतात. इथं ओळीत लिमिटेड स्लिप ठेवायचा, रुतली तरच लॉक, निघाली की काढून टाकायचा.

कॅन-ॲमचा व्हिस्को-लॉक आपोआप चालतो. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतल्या सिलिकॉन द्रवाचा दाब वाढतो आणि क्लच प्लेटा आवळल्या जातात. दगडगोट्यांत, ओढ्यात झकास. पण चाक थोडं घसरल्याशिवाय तो पकडत नाही, आणि आपली माती तेवढ्या वेळात टायरच्या खाचा भरून चाकाचा गुळगुळीत गोळा करते. काही मॉडेलला व्हिस्को-फोरलॉक येतो, त्यात हातानं पण लॉक करता येतं, कॅन-ॲमच घ्यायची असेल तर तसली शोधा.

पोलारिस स्पोर्ट्समनमध्ये लिमिटेड स्लिप नाहीच, रोलर क्लच आहे. मागची चाकं घसरली की रोलर अडकतात आणि पुढची दोन्ही ओढायला लागतात, वळणात बाहेरचं चाक सुटं पळतं म्हणून हँडल हलकं. उताराला पुढच्या चाकांचं इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला रोखतं ते) मिळत नाही, त्यासाठी डिसेंट कंट्रोलवालं मॉडेल लागतं, पण दाजींचं रान सपाट आहे. ऑइल मात्र कंपनीनं सांगितलेलंच, पुढच्या गिअरकेसमध्ये भलतंच ऑइल ओतलेली एक गाडी माझ्याकडं आली होती, पुढचं पकडतच नव्हतं. आणि ५७० आपल्याकडं ट्रॅक्टर म्हणून रजिस्टर होणाऱ्या रूपात आलीय, ही मोठी सोय.

जुन्या कावासाकी ब्रूट फोर्स ७५० ला डाव्या हाताला लिव्हर असतो, जितका दाबाल तितकं पुढचं आवळलं जातं, पण एका हातानं लिव्हर धरून आणि फवारा सांभाळून दिवसभर कोण चालवणार? होंडाच्या जुन्या गाड्यांतला टॉर्कवर चालणारा लिमिटेड स्लिप टिकाऊ आहे, फक्त पुढचं एक चाक हवेत लटकलं तर तो पुरत नाही.

लिमिटेड स्लिपवाली जुनी गाडी बघायला गेला की पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, चावी चालू, फोर व्हील लावा, गाडी पार्कमध्ये, आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं अगदी अलगद उलटं फिरलं तर लिमिटेड स्लिप झिजलाय, चांगला असेल तर हाताला जोर लागतो, लॉक लावल्यावर तर चाक हललंच नाही पाहिजे. व्हिस्को-लॉकला ही परीक्षा लावू नका, हळू फिरवलं की तो चांगला असूनही सैलच लागतो, तिथं चिखलात चालवूनच बघा.

बागेसाठी माझं मत ग्रिझ्लीला, ती नाही मिळाली तर पोलारिस. दाजी रविवारी एक ग्रिझ्ली बघायला निघालेत, मी जॅक घेऊन सोबत जाणार आहे.