मॅटोमो १७ महिने वापरल्यावर: डेटा पुसला, तरी डिस्क भरलेलीच

आमची साइट आरत्या-स्तोत्रांची. वर्षभर जेमतेम वर्दळ, आणि गणपतीचे दहा दिवस नुसती झुंबड. वाचकांची माहिती दुसऱ्या कंपनीच्या हाती द्यायची नाही म्हणून जून २०२४ मध्ये आमच्याच सर्व्हरवर मॅटोमो, म्हणजे साइटवर किती जण आले आणि काय पाहिलं हे मोजणारं सॉफ्टवेअर, बसवलं. (जुन्या लोकांना हे पिविक म्हणून आठवेल, नाव २०१८ मध्ये बदललं.) बसवणं सोपं, अहवाल स्वच्छ. वर्षभर मी डेटाबेसकडे पाहिलंही नाही, आणि ती चूक माझी.

२०२५ च्या गौरीपूजनाला सकाळीच साइट बंद पडली. ४० जीबीची डिस्क काठोकाठ भरली होती. साइट आणि मॅटोमो एकाच मायएसक्यूएल डेटाबेस सर्व्हरवर, त्यामुळे दोन्ही एकदम गेले. ऐन पूजेच्या वेळी लोकांना आरतीचं पान उघडेना, याचं फार वाईट वाटलं.

मॅटोमोचा डेटाबेस १९ जीबीचा निघाला. मॅटोमोत दोन प्रकारचा साठा असतो, हे मला तेव्हा नीट कळलं. ‘लॉग’ने सुरू होणाऱ्या टेबलांत कच्च्या नोंदी: कोण आलं, कोणतं पान पाहिलं. ‘आर्काइव्ह’ टेबलांत त्यावरून बनलेले तयार अहवाल, दर महिन्याचं टेबल वेगळं. सगळ्यात फुगलं होतं लॉग_लिंक_व्हिजिट_अ‍ॅक्शन, कारण पान उघडलं की तिथे एक ओळ पडतेच.

प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जुना कच्चा डेटा ठरावीक मुदतीनंतर पुसायची सोय आहे. मी १८० दिवस ठेवले. किती जागा वाचेल याचा अंदाजही तिथेच दिसतो. पुसलं, आणि डिस्क पाहतो तर तेवढीच भरलेली! इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) पुसलेल्या ओळींची जागा स्वतःकडेच राखून ठेवतं, पुढच्या नोंदींसाठी. ती परत मिळवायला ‘ऑप्टिमाइझ टेबल’ ही आज्ञा चालवावी लागते, आणि त्यात टेबल नव्याने लिहिलं जातं, म्हणजे जवळपास तेवढीच मोकळी जागा आधी हवी. जागा नाही म्हणून तर हा खटाटोप! शेवटी बॅकअप दुसरीकडे हलवले, आधी लहान टेबलं आवळली, मग रात्री मोठं घेतलं. डेटाबेस ७ जीबीवर आला.

बाकीची वाढ आम्हीच ओढवून घेतलेली. आमचं शेअर बटण प्रत्येक लिंकला वेगळा क्रमांक चिकटवायचं, त्यामुळे एकाच आरतीचे हजारो निरनिराळे पत्ते नोंदले गेले. पत्त्याला जोडलेला तो भाग (पॅरामीटर) मॅटोमोतल्या साइटच्या सेटिंगमध्ये वगळला. हौसेने केलेले नऊ सेगमेंट (म्हणजे वाचकांचे निवडक गट, जसे फक्त मोबाइलवाले) दोनवर आणले, कारण प्रत्येक सेगमेंटचे दिवस, आठवडा, महिना, वर्ष असे वेगळे अहवाल साठतात.

एक गोष्ट मात्र गेली. २०२४ च्या गणपतीत परदेशातून मोबाइलवर किती जण आले, हे आता नव्या सेगमेंटने काढता येत नाही. त्यासाठी कच्च्या नोंदीच लागतात. पुसण्याआधी असे प्रश्न विचारून घ्या.

तयार अहवाल पुसायचीही सोय आहे. ती वापरायची तर रोजचे अहवाल राखा, निदान आपल्यासारख्या तिथीवर चालणाऱ्या साइटवाल्यांनी तरी. चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. महिन्याच्या आकड्यांवरून या दोन वर्षांची तुलना होतच नाही. रोजचे अहवाल असतील तर हवे ते दहा दिवस जोडून पाहता येतात.

मॅटोमो मी सोडणार नाही. माहिती आपल्या हातात राहते, ही मोलाची गोष्ट आहे. पण २०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला येते आहे, आणि त्याआधी हा डेटाबेस साइटपासून वेगळ्या सर्व्हरवर न्यायचाच आहे. उद्या तो पुन्हा भरला, तर आकडे थांबतील. आरतीचं पान थांबता कामा नये.