मॅमथ हॉट स्प्रिंग्ज, यलोस्टोन: वेगळ्या रंगाचे एल्क शोधणाऱ्यांसाठी

एल्क, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी हरणं, जवळून बघायची तर अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं मॅमथ एक नंबर. सप्टेंबरच्या माजात नर थेट इमारतींमधल्या हिरवळीवर येतात. २३ मीटरचं अंतर मात्र पाळाच, रेंजर उगाच हटकत नाहीत. ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण न्या, कारण निकाल डोळ्यांवर लागतो: अंग पांढरं पण डोळे काळेभोर, तर ल्युसिझम (अंगावरचा रंग कमी किंवा गायब, डोळ्यांचा शाबूत), डोळे गुलाबी, तर अल्बिनो (अंगात रंगद्रव्यच नाही). दोन्ही जन्मजात आणि फार दुर्मीळ. काळाकुट्ट नर दिसला तर हुरळू नका, स्वारी बहुधा चिखलात लोळून आलेली असते. ढुंगणावरचा फिकट डाग तर सगळ्यांनाच असतो. रंग बघायला मे-जून नकोच: हिवाळी केस पुंजक्यांनी गळतात, धडधाकट जनावरही कबरं दिसतं, शिवाय पाडसवाल्या माद्या अंगावर धावतात. पार्किंगचा वैताग वेगळाच.