टेकसन पीएल-३३०: प्रवासात स्टेशन कुठे नीट लागेल ते दाखवणारा रेडिओ

प्रवासासाठी छोटा रेडिओ घ्यायचा असेल तर स्पीकर केवढा आणि मेमरी किती हे नंतर बघा, आधी बघा स्क्रीनवर सिग्नलचा आकडा दिसतो का. पीएल-३३० मध्ये दोन आकडे दिसतात, एक सिग्नलची ताकद आणि दुसरा एस/एन, म्हणजे स्टेशनचा सिग्नल खरखरीच्या किती वर आहे ते. माझ्या मते हा रेडिओ घ्यायचा तो याच दोन आकड्यांसाठी. मीडियम वेव्ह किंवा शॉर्ट वेव्हवर ताकद भरपूर दिसतेय पण एस/एन पडलाय, तर समजायचं की आसपास कुठलंतरी उपकरण घाण करतंय, त्याच्यापासून लांब जायचं. दोन्ही आकडे खाली असतील तर स्टेशनच पोचत नाहीये, मग खिडकी गाठायची, गच्चीवर जायचं नाहीतर सरळ उघड्यावर. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

हॉटेलची खोली ही रेडिओसाठी सगळ्यात वाईट जागा. काँक्रीटमधल्या सळया सिग्नल अडवतात, काही इमारतींच्या काचांवर धातूचा पातळ थर असतो तो पण अडवतो, आणि आत एलईडी दिवे, टीव्ही, मोबाईलचे चार्जर, वायफायचा राउटर सगळे मिळून खरखर करत बसलेले. बेडशेजारच्या टेबलावर रेडिओ ठेवून काही लागत नाही म्हणून बंद करणारे खूप जण असतात, तसं करू नका हो. आधी रेडिओचा स्वतःचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा, मग बाकीचे चार्जर प्लगमधून काढा, दिवे एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी एस/एन बघा, कोण त्रास देतंय ते लगेच कळतं. मग रेडिओ हातात धरून खिडकीजवळ हळूहळू फिरा.

एफएमला तर वीतभर सरकवलं तरी फरक पडतो, कारण त्याची वेव्हलेंग्थ साधारण ३ मीटर असते आणि भिंतींवरून उलटून येणारे सिग्नल एकमेकांना काही जागी वाढवतात, काही जागी मारतात. अँटेना उभीच पाहिजे असंही नाही, आडवी करून बघा, तिरकी करून बघा. आणि टॉवर जवळ असेल तर पूर्ण ओढायची गरजच नाही, उलट आखूड केल्यावर जास्त स्वच्छ ऐकू येतं.

मीडियम वेव्हला मात्र बाहेरची दांडी ओढून काही होत नाही. तिची अँटेना म्हणजे रेडिओच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी, त्यामुळे अख्खा रेडिओच गोल फिरवायचा. कांडीचं टोक ज्या दिशेला येतं तिकडचा सिग्नल जवळजवळ गायब होतो, आणि हे फार कामाचं आहे, कारण ते टोक खरखर करणाऱ्या वस्तूकडे किंवा मध्ये घुसणाऱ्या दुसऱ्या स्टेशनकडे वळवलं की पाहिजे ते स्टेशन वर येतं. परदेशात जात असाल तर मीडियम वेव्हची स्टेप, म्हणजे दोन स्टेशनांमधलं फ्रिक्वेन्सीचं ठरलेलं अंतर, बदलायला विसरू नका, अमेरिका खंडात १० किलोहर्ट्झ आणि बाकी जगात ९, नाहीतर स्कॅनमध्ये स्टेशनं निसटतात.

शॉर्ट वेव्हला बाजूच्या जॅकमध्ये सात-आठ मीटर साधी वायर लावून ती खिडकीबाहेर किंवा रेलिंगवरून सोडली की चित्रच बदलतं (विजेच्या तारांपासून लांब ठेवा, आणि ढग गडगडत असतील तर वायर लावूच नका). फार लांब वायर नको, छोटा रेडिओ ओव्हरलोड होतो आणि एकच स्टेशन चार ठिकाणी ऐकू यायला लागतं. जागा चांगली आहे का हे तपासायला मी टाइम सिग्नल, म्हणजे सतत अचूक वेळ सांगणारी स्टेशनं, वापरतो, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनचं बीपीएम असतं, त्यातलं कुठलं किती स्वच्छ येतंय त्यावरून जागेचा आणि त्या वेळच्या बँडचा पण अंदाज येतो. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी आणि रात्री खालच्या, हा ढोबळ हिशोब. रात्री मीडियम वेव्हवर पण लांबची स्टेशनं यायला लागतात कारण आकाशातला डी लेयर, म्हणजे दिवसा हे सिग्नल शोषून घेणारा वरच्या हवेतला थर, सूर्य मावळल्यावर विरतो.

सगळ्यात भारी जागा विचाराल तर समुद्रकिनारा, आणि तोही अगदी पाण्याजवळ. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे मीडियम वेव्हचा सिग्नल पाण्यावरून खूप लांब येतो, शॉर्ट वेव्हचे क्षितिजालगत येणारे सिग्नल पण तिथे सुधारतात, शिवाय घरं आणि विजेच्या तारा एका बाजूलाच राहतात. एफएमसाठी मात्र डोंगरमाथा, उंची हेच सगळं काही. ट्रेन, बस, गाडी या पत्र्याच्या पेट्या, तिथे खिडकीला चिकटून जे मिळेल ते ऐकायचं, फार आशा ठेवू नका.

नवीन गावात पोचल्यावर ईटीएम बटण दाबलं की तो स्वतः बँड शोधून यादी करतो आणि आपली जतन केलेली स्टेशनं तशीच राहतात, हे मला फार आवडतं. फक्त हे खिडकीपाशी करा, खोलीच्या मध्यात केलंत तर यादीत निम्मी खरखरच भरते. एसएसबी (आवाज पाठवायची एक वेगळी पद्धत, साध्या रेडिओवर ती नीट ऐकू येत नाही) पण आहे, त्यामुळे हॅम लोकांचं, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर एकमेकांशी बोलणाऱ्यांचं, बोलणं ऐकता येतं.

कमी काय तर विमानांचा एअर बँड नाही आणि चार्जिंग मायक्रो यूएसबीवर, म्हणजे एक जुनी केबल वेगळी बाळगा. बॅटरी बीएल-५सी, जुन्या नोकियात असायची तीच, सहज निघते. वर सांगितलेलं सगळं बॅटरीवरच करायचं असल्यामुळे एक भरलेली जास्तीची बॅगेत असू द्या.