दाबावरून पाणीपातळी सांगणारा सेन्सर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जमिनीखालच्या 3 मीटर खोल टाकीसाठी पूर्वी फ्लोट स्विच होता. त्याचा तरंगणारा गोळा स्वतःच्याच वायरीत अडकला, की पाणी संपले तरी पंप चालूच राहत असे. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी तळाशी बुडवून ठेवायचा, 5 मीटर पल्ल्याचा आणि 4 (पाणी नसताना) ते 20 (पूर्ण पल्ल्याला) मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाचा संकेत देणारा दाब-सेन्सर बसवला.

पाण्याचा दाब दर मीटर खोलीमागे सुमारे 9.8 किलोपास्कल वाढतो, मग टाकीचा आकार कसाही असो. सेन्सरचा संकेत त्याच प्रमाणात मीटरला 3.2 मिलिअँपिअर वाढायला हवा. मल्टिमीटर आणि मोजपट्टी घेऊन पडताळले असता फरक कधी 2 सेंटिमीटरच्या वर गेला नाही. मात्र 0.5 टक्के अचूकता ही पूर्ण पल्ल्याची असते, म्हणजे टाकीत 30 सेंटिमीटर पाणी उरले तरी चूक अडीच सेंटिमीटरपर्यंत असू शकते. पल्ला टाकीच्या खोलीएवढाच घ्यायला हवा होता, हे मला उशिरा उमगले.

सुरुवातीला पंप सुरू होताच आकडे थरथरत. सेन्सरचे आकारमान सुमारे 63 घनसेंटिमीटर आहे. त्याच्या खालच्या टोकावरचा दाब वरच्यापेक्षा अधिक असल्याने तो पाण्यात तेवढ्या, म्हणजे 63 ग्रॅमच्या वजनाने हलका होतो आणि प्रवाहात सहज झोके घेतो. छिद्रे पाडलेल्या पीव्हीसी पाइपात सोडल्यावर हा प्रश्न मिटला.

खरा त्रास चौथ्या महिन्यात झाला आणि त्यात दोष माझाच होता. पाण्यावरच्या हवेचा दाब सुमारे 10.3 मीटर पाण्याइतका, म्हणजे सेन्सरच्या पल्ल्याच्या दुपटीहून अधिक असतो. तो हिशेबातून वजा व्हावा म्हणून केबलमधून एक बारीक नळी बाहेरची हवा सेन्सरमधल्या, पाण्याचा दाब झेलणाऱ्या पडद्याच्या मागील बाजूस पोहोचवते. पावसाचे पाणी शिरू नये या काळजीपोटी मी वरचा जंक्शन बॉक्स, म्हणजे केबल आणि ही नळी जिथे येते ती जोडणीची पेटी, सीलंटने पूर्ण बंद केला. त्यानंतर कोणी पाणी उपसले नसतानाही भर दुपारी पातळी 20 सेंटिमीटरने उतरलेली दिसे आणि रात्री पूर्ववत होई. टाकी गळते की काय, या शंकेने मी दोन दिवस भिंती तपासण्यात घालवले! वास्तविक बंद पेटीतली हवा उन्हाने तापली, की तिचा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे 3.4 सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो, पडद्याला मागून रेटतो आणि पाणी कमी असल्याचे भासवतो. पेटी पूर्णपणे हवाबंद नसल्यामुळेच चूक एवढ्यावर थांबली असावी.

आता पेटीच्या तळाला भोक असून नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची पुडी ठेवली आहे, कारण आत दमट हवा शिरून नळीत पाणी साचले तरी ती बंदच पडणार. पुडीचा रंग बदलला की ती बदलतो. सेन्सरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल, ज्यात अचूकतेचे आकडे ठळक छापले आहेत आणि या नळीविषयी एक ओळही नाही.