९०० व्हीए इन्व्हर्टर, १५० एएच बॅटरी : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

घर टू बीएचके. सेट असा : ९०० व्हीएचा (व्हीए म्हणजे एका वेळी किती लोड पेलतो त्याचं माप) साइन वेव्ह इन्व्हर्टर, १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो) उंच ट्युब्युलर बॅटरी. नाशिकमध्ये याची खरी कसोटी वळवाच्या पावसात लागते. वारा सुटला की फांद्या तारांवर येतात, जंपर (खांबावरचा जोडतुकडा) तुटतो, फिडर (भागाला वीज देणारी मुख्य लाइन) बंद होतो आणि शहराचे मोठाले भाग एकदमच अंधारात जातात. लाइट गेल्यावरची पहिली रात्र जवळपास कोणताही सेट निभावून नेतो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेली की सेटची लायकी कळते, आणि ती ठरते चार्जिंगवर. दुकानात मात्र बोलणं होतं ते फक्त बॅकअपचं.

आधी बॅकअपचा हिशोब. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा फुल स्पीडला ३० च्या आत. दोन बीएलडीसी पंखे, ९ वॅटचे तीन दिवे, राउटर आणि मोबाइल चार्जिंग मिळून ११०-१२० वॅट होतात. इन्व्हर्टरचा स्वतःचा खप धरून बॅटरीतून १२-१३ अँपिअर ओढले जातात; नवी बॅटरी ९-१० तास आरामात देते. तेच पंखे जुने असतील तर लोड दोनशेच्या घरात जातो आणि सहा तासांत बीप सुरू होते. १५० एएच हा आकडा २० तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने बॅटरी उतरवली तर मिळणारा आहे. ३० अँपिअर ओढले तर भागाकाराने पाच तास येतात, प्रत्यक्षात चारच्या आतबाहेर मिळतात. म्हणून बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदला. माझ्या मते या सेटमधला सर्वांत वसूल झालेला खर्च पंख्यांचाच.

आता चार्जिंग. या वर्गातले बहुतेक इन्व्हर्टर १०-१५ अँपिअरने चार्ज करतात. रात्रभरात १०० एएच खर्च झाले तर परत ११५-१२० भरावे लागतात, कारण थोडं नुकसान होतंच. शिवाय बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की करंट आपोआप उतरत जातो. म्हणजे पूर्ण चार्जिंगला १०-१२ तास सलग लाइट हवी. सकाळी चार तास येऊन पुन्हा गेली तर जेमतेम ४५ एएच परत आलेले असतात. दुसऱ्या रात्रीची सुरुवात दोन तृतीयांशाच्याही आतून होते. डिस्प्ले याबाबत फसवा आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये टक्केवारी व्होल्टेजवरून काढतात, म्हणून चार्जिंग चालू असताना ती लवकर शंभरावर जाते आणि लोड पडताच धाडकन खाली येते. टक्क्यांवर विसंबू नका, लाइट किती तास होती ते मोजा. इन्व्हर्टरच्या मागे चार्जिंग करंट वाढवायचं बटण असेल तर ते १५० एएचला चालतं का, हे बॅटरीच्या कार्डावर पाहून मगच वापरा.

अजून एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल (काहींवर इको) असा स्विच असतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच लाइट स्वीकारतो, नॉर्मलमध्ये १०० ते २९० पर्यंत. मोठ्या खंडानंतर लाइट येते तेव्हा सगळ्यांचे एसी, मोटारी, इन्व्हर्टर एकदम ओढतात आणि व्होल्टेज १७० वर बसतं. शेजारी ट्यूब लागलेली दिसते, आपला इन्व्हर्टर मात्र बॅटरीच खात राहतो. नॉर्मलमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडू शकतो; घरात तो नसेल तर स्विच नॉर्मलवरच ठेवा.

उलटा धोका न्यूट्रल तुटण्याचा. अशा वेळी सिंगल फेजच्या घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. इन्व्हर्टर सहसा ती लाइट नाकारतो, पण फ्रिज आणि टीव्ही थेट लाइनवर असतील तर तेच जळतात. दिवे एकाएकी जास्त प्रखर झाले की मेन स्विच पाडा. एरवीही वादळानंतर लाइट आली की पाच-दहा मिनिटं एकच दिवा चालू ठेवून पाहा, मग फ्रिज लावा.

वायरिंगमध्ये हमखास चूक होते ती न्यूट्रलची. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ट्रिप होतो. इन्व्हर्टरच्या पॉइंटचं न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळलं की लाइट गेल्या-आल्याबरोबर तो पडतो. यावर आरसीसीबी काढून टाकू देऊ नका, न्यूट्रल वेगळं ओढून घ्या. आणि दोन्हीकडे पिना असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घराला उलटी वीज देण्याचा जुगाड कधीही करू नका. मेन चालू राहिला तर ती वीज डीपीपर्यंत (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जाते आणि वर खांबावर वायरमन असतो.

मिक्सर, इस्त्री, गिझर या सेटवर नाही. अर्ध्या एचपीची पाण्याची मोटारही नाही. चालताना ती ५००-६०० वॅट घेते, पण सुरू होताना कितीतरी पट ओढते. नाशिकला हा मुद्दा जास्त लागू आहे. गंगापूर आणि मुकणे धरणांचं पाणी पंपिंग करूनच येतं, त्यामुळे तिकडची वीज गेली की नळालाही पाणी नसतं. आभाळ भरून आलं की आधी वरची टाकी भरून घ्या. फ्रिज न उघडता साधारण चार तास थंड राहतो, फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आणखी थोडा.

बॅटरीची निगा सोपी आहे. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी नाही. फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी) लाल आणि हिरव्या खुणेच्या मध्ये हवा, आणि पाणी पूर्ण चार्जिंगनंतर घाला. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघा. ५०० वॅट लोडला केबलमधून जवळपास ५० अँपिअर जातात, त्यामुळे टर्मिनल जरा सैल असलं तरी तापतं. बोल्ट घट्ट, वर व्हॅसलीनचा पातळ थर. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्याच्या फडक्याने पुसा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो वर जातो, म्हणून बंद कपाटात किंवा समई लावता त्या देवघराखाली बॅटरी नको.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर जुळवून. मात्र खंड लांबला तर वाटेतल्या फायबर स्विचची आणि मोबाइल टॉवरचीही बॅटरी संपते, त्यामुळे महावितरणची तक्रार आधी नोंदवा. १९१२ वर फोन करताना १२ आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, आणि त्याआधी शेजाऱ्यांची लाइट आहे का ते बघा. असेल तर आपलाच एमसीबी (मीटरजवळचा ट्रिप होणारा स्विच) पडलेला असू शकतो.

आज नव्याने घ्यायचं असेल तर? दिवसातून तासभर लाइट जाणाऱ्या घराला हा सेट पुरेसा आहे. जिथे लागोपाठ दोन-तीन दिवस खंड पडतो, तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा विचार करा. महाग आहे, पण योग्य चार्जर असेल तर १०० एएचची बॅटरी तीन-चार तासांत भरते. साध्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका. त्यात लिथियमचा पर्याय आहे का, हे आधी विचारून घ्या.